शिवरात्र ते पाडवा: विदर्भात नव्यानं शेती करणाऱ्यांसाठी आभाळ, वावर आणि कामांचा क्रम

नोकरी सोडून मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात वडिलांच्या वावरात आलो, तेव्हा माझा समज होता की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो जून-जुलैत. पहिल्याच रब्बीत तो समज गेला. खरिपात पाऊस लांबला तर दुबार पेरणी तरी करता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा खर्च करून झालेला असतो, चणा घाट्यांनी (शेंगांनी) लदलेला असतो, गहू ओंबीवर असतो, संत्र्याच्या झाडावर मृग बहाराची फळं तोडणीला आलेली आणि त्याच झाडावर आंबिया बहाराची फुलं-कळ्या. अशा वेळी अर्ध्या तासाची गार पडली तर वर्ष जातं.

आमच्या तीन एकर चण्याचं तसंच झालं. सोंगून (कापून) वावरात पसरून ठेवला, नात्यातल्या लग्नाला दोन दिवस गेलो आणि परत आलो तर घाटे काळे पडलेले, खालच्या थरातले दाणे मोड आलेले. अंदाज दोन दिवस आधीच आला होता. मी तो पाहिला होता, पण त्यावर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. आभाळ आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही, काय करायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. शहरातून गावी परतलेल्या, नाहीतर घरची शेती पहिल्यांदाच हातात घेतलेल्या पोरापोरींसाठी मी तो क्रम इथे लिहून ठेवतो.

1. आधी हे आभाळ समजून घ्या

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते असं आपल्याकडे म्हणतात. विदर्भात ती जाते आणि आठ-दहा दिवसांत दुपारचं ऊन टोचायला लागतं. मार्च संपता संपता पारा चाळीसला टेकतो. जमीन अशी तापत असताना उत्तरेकडून, मध्य प्रदेशावरून कोरडा वारा येत असतो आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत घुसतो. दोघांची गाठ बरेचदा आपल्याच डोक्यावर पडते. त्यात हिमालयाकडे पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा) आला की वरच्या थरात थंड हवा येते. खाली तापलेली जमीन, वर गार हवा आणि मध्ये ओल, यातून दुपारनंतर ढग उंच चढतात आणि गारा होतात. म्हणून या दिवसांतला पाऊस बहुतेक दुपारी तीननंतर येतो, थोडा वेळ येतो आणि एका गावाला झोडपून शेजारच्या गावाला कोरडं सोडतो.

हे अपवादानं घडत नाही. 2014 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीनं धुमाकूळ घातला. 2018 मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. दुसरा धोका पाण्याशिवाय येतो, तो उष्णतेचा. 2022 चा मार्च आणि 2023 चा फेब्रुवारी, दोन्ही महिन्यांत देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त होतं. त्या दोन्ही वर्षी उशिरा पेरलेल्या गव्हाचं काय झालं ते गावातल्या कुणालाही विचारा. दाणा भरलाच नाही, सुकून बारीक झाला.

2. अंदाज रोज पाहा, पण नीट वाचा

मोबाइलमध्ये तीन ॲप ठेवा. ‘मौसम’ हवामान विभागाचं. ‘मेघदूत’ शेतीसाठीचं, त्यात मराठीत जिल्ह्याचा सल्ला मिळतो आणि तो मंगळवारी व शुक्रवारी नवा होतो. ‘दामिनी’ विजेसाठी. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा रोज निघतो. त्यातला पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाला.

नवीन माणूस इथे दोन चुका करतो. पहिली म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना इशारा खरा मानणं. तारीख नसलेला अंदाज पुढे ढकलू नका आणि त्यावर काम ठरवू नका. दुसरी चूक माझी. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वाचून मी निश्चिंत झालो होतो. तुरळक म्हणजे जिल्ह्यात थोड्याच ठिकाणी, पण त्या थोड्या ठिकाणी पूर्ण जोरानं. ते थोडं ठिकाण तुमचं वावर असू शकतं.

पाच दिवसांच्या अंदाजावर मजूर, थ्रेशर आणि पाण्याच्या पाळ्या ठरवा. तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यावर फक्त झाकाझाक आणि जीव वाचवणं, एवढंच होतं. दुपारी वारा एकदम पडला, घुसमट झाली आणि उत्तर-पश्चिमेला ढगाचा काळा पडदा उभा राहिला, तर ॲप काय म्हणतं याची वाट पाहत बसू नका.

3. सामान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच घरात आणा

इशारा आला की तालुक्याला ताडपत्री संपते आणि उरलेलीचा भाव वाढतो. म्हणून आधीच घेऊन ठेवा:

- जाड ताडपत्री, गंजी (सोंगलेल्या पिकाचा रचलेला ढीग) पूर्ण झाकून दोन हात खाली उरेल एवढी. पातळ घेतली तर वाऱ्यानं पहिल्याच दिवशी फाटते.
- सुतळी किंवा नायलॉन दोरी आणि कडेला बांधायला वाळूनं भरलेली पोती. नुसते दगड ठेवले तर वादळात घसरतात.
- कोरडे बारदाने, मोजून.
- फावडं आणि टॉर्च.
- मोरचूद आणि चुना (संत्रा असेल तर), कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक.
- चण्यासाठी कामगंध सापळे (वासानं अळीचे नर पतंग पकडणारे), एकरी दोन.
- घरात ओआरएसची पाकिटं. मार्चच्या उन्हात सोंगणीवरच्या बायकांना भोवळ येते, त्याला फक्त लिंबूपाणी पुरत नाही.

थ्रेशरवाल्याचा नंबर लावणं हेही सामानातच धरा. सगळ्यांचा चणा एकाच आठवड्यात येतो आणि गावात मशिनी दोन असतात. मी पहिल्या वर्षी सोंगणी झाल्यावर फोन केला, नंबर नवव्या दिवशी लागला. आता पीक पिवळं पडायला लागलं की लगेच नाव नोंदवतो.

4. चणा: सगळ्यात आधी हा घरात आणा

आपल्याकडे हरभऱ्याला चणा म्हणतात आणि विदर्भाच्या रब्बीचा खरा भार त्याच्यावर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सलग दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की घाटेअळी वाढते. सकाळी वावरात जाऊन एका मीटर ओळीतली झाडं हलवून पाहा, खाली एक-दोन अळ्या पडल्या की फवारणीची वेळ झाली. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. जागोजागी काटक्या रोवून पक्षीथांबे करा, चिमण्या-साळुंक्या बरंच काम करतात. पीक काढणीला आठ-दहा दिवस उरले असतील तर औषध मारू नका. अळीनं खाल्लं तेवढं जाऊ द्या, पण विषारी दाणा घरात नको.

सोंगणीची वेळ ओळखणं शिकावं लागतं. पानं पिवळी होऊन गळतात, घाटे तांबूस-पिवळे होतात. चार झाडं उपटून कानाजवळ हलवा, दाणे खुळखुळ वाजले पाहिजेत. मग घाटा फोडून दाणा दाताखाली धरा. दबला तर दोन दिवस थांबा, कडकन तुटला तर आजच मजूर सांगा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर दुपारच्या उन्हात घाटे तडकून वावरातच गळतात. म्हणून सोंगणी पहाटे सुरू करायची आणि अकराच्या आत संपवायची. पहाटे दवानं झाड ओलसर असतं, घाटा गळत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, त्या दवात चण्याची आंब उतरलेली असते. उघड्या हातानं दोन तास सोंगलं की बोटांच्या भेगा झोंबतात. आमच्याकडच्या बाया हाताला जुने मोजे घालतात, तुम्ही सगळ्यांसाठी हातमोजे आणून ठेवा. शंभर-दोनशे रुपयांचा खर्च आहे आणि पुढच्या वर्षी तीच माणसं तुमच्याकडे आनंदानं येतात.

सोंगलेला चणा वावरात पसरून रात्र काढू देऊ नका. संध्याकाळपर्यंत गोळा करून गंजी लावा. जागा वावरातली उंच निवडा. खाली पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) नाहीतर तुरीच्या तुराट्यांचा थर द्या, त्यावर ढीग रचताना घाटे आत आणि बुडखे बाहेर ठेवा, वरून डोंगरासारखा निमुळता करा. भोवती वीतभर खोल चर काढा. त्या चरानं दुसऱ्या वर्षी आमची गंजी वाचवली. पाऊस ताडपत्रीवरून घसरून खाली साचला होता, चर नसता तर खालचा हातभर थर सडला असता. ऊन पडलं की ताडपत्री काढा. झाकून ठेवलेल्या ओल्या गंजीला आतून वाफ धरते आणि दाणा कळकट होतो, मग बाजारात दलाल मूठ उघडून पाहतो आणि भाव सांगायच्या आधीच तोंड वाकडं करतो.

मळणीत थ्रेशरची गती कमी ठेवायला सांगा. घाईत डाळ होते. दोन-तीन दिवस ऊन देऊन, दाणा दाताखाली कडक वाजला की भरा. आधारभूत भावानं विकायचा असेल तर नोंदणीला सातबाऱ्यावर चण्याची पीक पाहणी (पेरलेल्या पिकाची नोंद) लागलेली असावी लागते. नसेल तर मार्चमध्ये काही करता येत नाही, ते काम हिवाळ्यातच उरकावं लागतं.

5. गहू: पाणी कधी द्यायचं नाही, हे शिका

पुस्तकात पाण्याच्या पाळ्या दिलेल्या असतात. मुकुटमुळं फुटताना, फुटवे येताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात, दाण्यात चीक भरताना आणि दाणा भरताना. नोव्हेंबरच्या मध्यात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चिकात येतो. इथपर्यंत सरळ आहे. अवघड आहे ते पाळीची तारीख आणि आभाळ एकाच दिवशी आलं तर काय करायचं ते.

दुसऱ्या वर्षी आमची रात्रीची लाइन (शेतीची वीज) होती. मी साडेनऊला मोटर सुरू केली. शेजारचे काका धुऱ्यावरून (बांधावरून) बॅटरी मारत आले आणि म्हणाले, “बाप्पा, गहू ओंबीवर हाय. वारं सुटलं तं सारा आडवा होईन. मोटर बंद कर.” मी अर्ध्या वावराला पाणी देऊन झाल्यावर बंद केली. पहाटे वारा आला. भिजलेला अर्धा भाग चटईसारखा झोपला, कोरडा भाग उभा राहिला. धुऱ्यावरून त्या दोन भागांमधली रेघ स्पष्ट दिसत होती. झोपलेल्या गव्हाचा दाणा पोचट निघाला आणि हार्वेस्टरला तो उचलताही आला नाही, विळ्यानं काढावा लागला.

तर नियम असा: ओंबी भरलेली आहे आणि पुढच्या दोन दिवसांत वादळी वाऱ्याचा अंदाज आहे, तर पाणी पुढे ढकला. काळ्या मातीत ओल दोन-चार दिवस टिकते, पीक मरत नाही. उलट उष्णतेची लाट सांगितली असेल आणि वारा शांत असेल तर हलकं पाणी संध्याकाळी नाहीतर पहाटे द्या. त्यानं पिकाचा गारवा टिकतो आणि दाणा भरायला चार दिवस जास्त मिळतात. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला याची जास्त गरज असते, कारण त्याचं दाणे भरणं मार्चच्या उन्हात सापडतं.

आभाळ राहिलं की गव्हावर मावा येतो. पानाच्या मागं हिरवट ठिपक्यांसारखा दिसतो आणि पान चिकट होतं. लेडीबर्ड भुंगे दिसत असतील तर औषधाची घाई करू नका, दोन दिवस पाहा.

6. संत्रा: बगीच्यात या दिवसांत हात जपून लावा

संत्र्याची भाषा नव्या माणसाला लवकर कळत नाही. जानेवारीत ताण तोडला (मुद्दाम बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलं) की आंबिया बहार फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटाण्याएवढी फळं धरतात. मागच्या पावसाळ्यात फुटलेला मृग बहार याच दिवसांत पिवळा होऊन तोडणीला येतो. म्हणजे गार पडली तर चालू वर्षाचं आणि येत्या वर्षाचं, दोन्ही उत्पन्न एकाच वेळी जातं. मृग बहाराची फळं तयार असतील तर भाव अजून चढेल म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत झाडावर ठेवायचा मोह टाळा. व्यापाऱ्याशी सौदा झाला असेल तर तोडणीची शेवटची तारीख कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे एकदा व्यापारी “आठवड्यात येतो” म्हणत राहिला, मध्ये गार पडली आणि त्यानं फोन उचलणं बंद केलं. बयाणा घेतलेला होता, पण कागदावर तारीख नव्हती.

फुलोऱ्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत बगीच्यात वखरणी-नांगरणी करू नका, वरची बारीक मुळं तुटतात आणि फळ गळतं. ताणानंतर एकदम भरपूर पाणी सोडणं ही दुसरी चूक. पाणी हळूहळू वाढवा. आळ्यात कुटार किंवा वाळलेल्या गवताचं आच्छादन करा. ऊन वाढल्यावर गळ दिसली तर जिब्रेलिक ॲसिड दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो, 100 लिटर पाण्यात मिसळून फवारतात. जिब्रेलिकची पावडर सरळ पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली फवारणी वाया गेली, पावडर टाकीच्या तळाला बसून राहिली.

नव्या पालवीवर काळी माशी आणि सिला या रस शोषणाऱ्या दोन्ही किडी येतात. पानांवर काजळीसारखा थर म्हणजे कोळशी, तिचं मूळ ती माशी आहे. नुसतं बुरशीनाशक मारून कोळशी जात नाही.

गार पडून गेली तर त्याच दिवशी रडत बसायला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फोटो (का ते पुढं सांगतो). पडलेली फळं पंचनामा झाला की गोळा करून बगीच्याबाहेर खड्ड्यात पुरा. मोडलेल्या फांद्या धारदार करवतीनं साफ कापा, कापलेल्या जागी आणि खोडाच्या सालीवरच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरू नका, प्लॅस्टिकचं घ्या. नंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड दहा लिटरला 30 ग्रॅम प्रमाणात पूर्ण झाडावर फवारा. जखमेतून बुरशी शिरायला दोन-तीन दिवस पुरतात.

7. माती: वाफसा (मशागतीजोगी ओल) बघितल्याशिवाय औत घालू नका

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. फेब्रुवारीअखेर वावरात बोटं जातील अशा भेगा पडतात, मार्चमध्ये हात जातो. त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. म्हणून तूर आणि पऱ्हाटी निघाली की जमीन दगड व्हायच्या आत नांगरून घ्या. नांगरटीनं बोंडअळीचे आणि इतर किडींचे कोष वर येतात, ऊन आणि बगळे त्यांचा निकाल लावतात. पऱ्हाटी वावरात मार्चपर्यंत उभी ठेवणं, म्हणजे फरदड घेणं, 2017 मध्ये विदर्भाला गुलाबी बोंडअळीच्या रूपानं फार महाग पडलं. चार क्विंटल कापसासाठी पुढच्या हंगामाची अळी पोसू नका. पऱ्हाट्या जाळूही नका, श्रेडर मिळत असेल तर बारीक करून मातीत मिसळा.

अवकाळी पाऊस पडून गेल्यावर सगळे ट्रॅक्टर काढतात. थांबा. वीतभर खालची माती मुठीत घेऊन लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर अजून दोन दिवस द्या. ओल्यात नांगरलं तर अशी ढेकळं निघतात की मे महिन्यात रोटाव्हेटरलाही फुटत नाहीत. बरोबर वाफशावर मात्र हाच अवकाळी पाऊस उपयोगाचा होतो, कडक झालेलं रान कमी डिझेलमध्ये नांगरून होतं.

माती परीक्षणाचा नमुना घ्यायचीही हीच वेळ, पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्या, एकत्र करून अर्धा किलो पाठवा.

उन्हाळी पेराही याच दिवसांत ठरतो. भुईमूग जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. रात्री फार थंडी असेल तर बी उगवत नाही, आणि फार उशीर केला तर काढणी जूनच्या पावसात सापडते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात असाल तर बोअरचं पाणी तपासल्याशिवाय उन्हाळी पिकाच्या नादी लागू नका. ते पाणी जमीनही खारवतं. तिकडे झाडीपट्टीत, गोंदिया-भंडाऱ्याकडे, उन्हाळी धानाचं आणि लाखोळी-जवसाचं गणित वेगळं आहे, तिथल्या कास्तकारांनाच विचारा.

8. माणसं, जनावरं आणि वीज

फेब्रुवारीच्या शेवटापासून कामाची वेळ बदला. सहा ते अकरा आणि चार ते साडेसहा. दुपारी सावली. ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापासून आणि विहिरीच्या मोटरपासून दूर व्हा, बैलांना झाडाला बांधू नका. वावरात उघड्यावर सापडलात तर पाय जवळ घेऊन खाली बसा, झोपू नका. गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास थांबा. ताडपत्री झाकायला पावसात धावणारे लोक दर वर्षी विजेनं जातात. चणा पुन्हा पेरता येतो.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) याच दिवसांत वावरात उतरतात. जागलीला (रात्रीच्या राखणीला) एकट्यानं जाऊ नका.

9. नुकसान झालं तर: पहिले तीन दिवस

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश वाचा. दोन वेगळ्या वाटा आहेत, विमा आणि सरकारी मदत. दोन्हीकडे अर्ज, पंचनामा आणि पैसा वेगवेगळा.

विम्याचं: आमच्या वेळी नियम होता की स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यायची. मी पाचव्या दिवशी फोन केला, दावा तिथेच संपला. त्यानंतर 2025 च्या खरिपापासून राज्यात योजना बदलली. एक रुपयाचा विमा बंद झाला, रब्बी पिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आली. म्हणून अर्ज भरतानाच तुमच्या हंगामाच्या अधिसूचनेत कोणते धोके धरलेत ते कृषी सहायकाकडून वाचून घ्या, आणि वैयक्तिक नुकसानीची तरतूद असेल तर 72 तास डोक्यात ठेवा. हेल्पलाइन 14447. गहू-चण्याच्या विम्याची मुदत साधारण 15 डिसेंबरला संपते, गार पडल्यावर विमा काढता येत नाही. संत्र्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा वेगळा असतो आणि त्यात गारपिटीचा हप्ता वेगळा भरावा लागतो. तो भरला की नाही हे पावतीवर पाहा, बरेच जण मूळ हप्ता भरून निर्धास्त राहतात.

सरकारी मदतीचं: 33 टक्के किंवा जास्त नुकसान झालं तरच पंचनाम्यात नाव येतं. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी) मिळून करतात. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत हेक्टरी मदत कोरडवाहू पिकाला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळपिकाला 22,500 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत होती. राज्य सरकार काही वेळा वेगळा निर्णय काढतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहावा.

फाइलमध्ये आधीच ठेवायचे कागद:

- सातबारा आणि आठ-अ, चालू वर्षाचे
- ई-पीक पाहणी झाल्याचा स्क्रीनशॉट
- शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी
- आधार आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक
- विम्याची पावती
- सामायिक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र
- नुकसानीचे फोटो, तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असे

फोटो काढताना एक लांबून घ्या, ज्यात विहीर, झाड किंवा शेजारचा धुरा ओळखू येईल. एक जवळून, तुटलेल्या ओंबीचा नाहीतर फळावरच्या जखमेचा. आणि गारा वितळायच्या आत एक फोटो हातात धरून. पंचनामा होईपर्यंत पीक साफ करू नका, संत्र्याच्या जखमांना पेस्ट लावणं मात्र फोटोनंतर थांबवू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी गट क्रमांक, क्षेत्र आणि टक्केवारी स्वतः वाचा. माझ्या ओळखीच्या एकाच्या पंचनाम्यात संत्र्याऐवजी गहू लिहिला गेला होता, त्यानं जागेवर वाचलं म्हणून दुरुस्त झालं.

यादी मंजूर झाल्यावर प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. ती यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे पाहायला मिळते. आधार प्रमाणीकरण मागितलं असेल तर क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर अंगठा देऊन ते करा, नाहीतर पैसे अडकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर शेती असेल आणि अंगठ्याचे ठसे उमटत नसतील तर केंद्रावर खेपा न घालता थेट तहसीलला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या.